बोअर, ब्लॉक आणि सातारा-सांगली

प्रिया स्कूटरच्या इंजिनाचे दोन आकडे लक्षात ठेवायला एकदम सोपे. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ५७ मिलिमीटर. शाळेतलं सूत्र लावलं की उत्तर येतं १४५.४५ सीसी. कागदोपत्री तिला सगळे दीडशेची स्कूटर म्हणायचे, पण नवी असताना ती दीडशेची कधीच नव्हती. गंमत पुढे आहे. काही वर्षं चालली की सिलिंडर आतून घासायचा, गाडी धूर मारायची, घाटात दम सोडायची. मग मिस्त्री ब्लॉक उतरवायचा, लेथवाल्याकडे द्यायचा आणि तो पाव मिलिमीटर बोअर मारून द्यायचा. त्यात ओव्हरसाइज पिस्टन. पुन्हा काही वर्षांनी आणखी पाव. असं करत करत बोअर ५८ झाला की त्याच सूत्राने उत्तर येतं १५०.६ सीसी. म्हणजे चार वेळा घासून, चार वेळा दुरुस्त होऊन, म्हातारपणी ती स्कूटर खर्‍या अर्थाने दीडशेची व्हायची!

हे शक्य व्हायचं कारण साधं आहे. ब्लॉक बीडाचा होता आणि भिंत जाड होती. कुणीतरी ड्रॉइंग काढतानाच ठरवलं होतं की हे पुढे कुणीतरी खरवडणार आहे, तेव्हा थोडं मटेरियल जास्त ठेवा. त्या एका मिलिमीटरवर किती लेथ, किती गॅरेजं आणि किती संसार चालले असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आणि ही प्रिया बनायची कुठे, तर सातार्‍यात. त्यामुळे या वीकेंडला सातारा-सांगलीकडचा सिलिंडरचा इतिहास. शेवटी चेनसॉ येणार आहे, पण तिथे पोचायला जरा वेळ लागेल.

सुरुवात सायकलपासून करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) शिकवत होते. ते सोडून बेळगावला आले. तिथे भावाबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. विक्री आणि दुरुस्ती. आज ज्या नावाचे पंप नि इंजिनं जगभर जातात त्याची सुरुवात दुसर्‍याने बनवलेलं मशीन उघडून बघण्यातून झाली, हे मला फार आवडतं. पुढे लोखंडी नांगर आला. परदेशी नांगर बघून, त्याच्या धर्तीवर केलेला. शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. मग बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जागा दिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, पण दिलेली जागा कुंडलजवळची, ती आज सांगली जिल्ह्यात. संस्थानांचे नकाशे असेच तुकड्यातुकड्यांचे होते. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. (अवांतर: १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचं नावच 'दक्षिण सातारा' होतं. तेव्हा या दोन जिल्ह्यांची गोष्ट एकत्र सांगायला कुणाची हरकत नसावी. दोन्हीकडच्या लोकांना ते पटणार नाही, ते सोडा.)

दुसरं गाव सातारा रोड. नावच रेल्वे स्टेशनचं. इथे धनजीशा कूपर या पारशी गृहस्थांनी १९२२ मध्ये कूपर इंजिनिअरिंग काढली. नांगर, उसाचे चरक, आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिन. भारतातलं पहिलं डिझेल इंजिन कुणाचं यावर वाद घालायची माझी तयारी नाही, पण सुरुवातीच्या मोजक्यांत कूपर नक्की आहेत. या कूपरसाहेबांची आणखी एक ओळख म्हणजे १९३७ मध्ये काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवायला आधी नकार दिला तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा पदाचं नाव हेच होतं) ते झाले. एप्रिल ते जुलै, उणेपुरे साडेतीन महिने. नंतर बाळासाहेब खेर आले. साडेतीन महिन्यांचं राज्य पुस्तकात एका ओळीत संपतं. सातारा रोडची भट्टी मात्र पुढेही पेटत राहिली. कारखाना वालचंद समूहाकडे गेला आणि तिथली फाउंड्री चालू राहिली.

आता हे डिझेल इंजिन शेतात काय करत होतं ते बघू. कृष्णाकाठी ऊस, आणि पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा. काठावर नदीतून पाणी उचलायचं, पट्ट्यात विहिरीच्या तळातून. मोट काढून तिथे इंजिन आलं. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली, आणि त्यांचं एव्ही-१ हे इंजिन गावोगाव पोचलं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, साधारण ५५३ सीसी, मिनिटाला १५०० फेरे, पाच हॉर्सपॉवर. इंजिनिअरिंगला ज्यांनी ज्यांनी थर्मलची लॅब केली आहे त्यांनी हेच इंजिन टेस्ट रिगवर पाहिलं असण्याची शक्यता दांडगी आहे. आमच्याकडे रीडिंग आधीच्या बॅचच्या जर्नलमधून घ्यायची प्रथा होती, असो.

या इंजिनात सिलिंडर म्हणजे एक वेगळी नळी असते, लायनर. ती बॉडीत सरकवलेली, बाहेरून पाणी खेळतं, खाली रबरी रिंगांनी पाणी अडवलेलं. घासली की ओढून काढायची आणि नवी ढकलायची, सोबत नवा पिस्टन नि रिंगा. यालाच 'लायनर-पिस्टन सेट टाकणे' म्हणतात. बोअर मारायला लेथसुद्धा लागत नाही. विहिरीच्या काठावर, गोणपाटावर पार्ट मांडून, संध्याकाळपर्यंत इंजिन चालू. १९७२ च्या दुष्काळात ज्या भागात विहिरी खोल खोल जात होत्या तिथे याची किंमत काय असेल बघा. उभं पीक आठ दिवस थांबत नाही आणि खडकीहून माणूस येणार नाही. त्यामुळे लायनर हा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळणं हे इंजिनाच्या हॉर्सपॉवरइतकंच महत्त्वाचं होतं.

आणि दुकानात तो एकाच कंपनीचा नव्हता. ओरिजिनल होता, 'कंपनीला सप्लाय करणार्‍याचा' होता, आणि लोकल होता. राजकोटला तर इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या नकला करणारा आख्खा उद्योग उभा राहिला. दुकानदार गिर्‍हाइकाचा चेहरा बघून विचारायचा, "कुठला देऊ?" ज्याला आज आपण आफ्टरमार्केट म्हणतो ते तेव्हापासून होतंच. सातार्‍याच्या कूपर कॉर्पोरेशनचं आजचं एक मोठं काम सिलिंडर लायनर बनवणं हे आहे, आणि मला हा योगायोग वाटत नाही. ज्या मुलखात नांगराचा फाळ नि चरकाचे दाते बदलायची सवय आधीपासून होती, तिथे इंजिनाचा झिजणारा तुकडा वेगळा काढून विकणं हा नैसर्गिक धंदा होता.

आता प्रिया. बजाज ऑटो १९६० च्या सुमारापासून पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. १९७१ मध्ये करार संपला, तेव्हा व्हेस्पा नाव गेलं आणि बजाज आलं. स्कूटरला मागणी प्रचंड, आणि उत्पादन किती करायचं ते सरकार ठरवणार. त्यातून वाट निघाली ती संयुक्त क्षेत्राची. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड काढली, कारखाना सातार्‍याला. महामंडळाचे २७ टक्के, बजाजचे २४. त्या काळात इतर राज्यांनीही लखनौच्या स्कूटर्स इंडियाचं तंत्रज्ञान घेऊन असे कारखाने काढले होते, पण त्यातले बहुतेक टिकले नाहीत. सातार्‍याचा टिकला, कारण त्याच्यामागे आकुर्डीचं तयार डिझाइन आणि तयार सप्लायर होते.

आपल्या पिढीला वेटिंग लिस्ट म्हटलं की तत्काळ तिकीट आठवतं. तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट असायची. नंबर लागून आलेली नवी गाडी त्याच दिवशी जास्त भावाने विकली जायची. अशा बाजारात गाडी जुनी झाली म्हणून कोण टाकून देईल? त्यामुळे चार वेळा बोअर मारणं हा कंजूषपणा नव्हता, तो चोख हिशोब होता. नव्या गाडीसाठी पैसे असून उपयोग नाही, कारण गाडीच नाही. मग 'हाफ इंजिन' करा: ब्लॉक बोअर, पिस्टन, रिंगा, गजन पिन, आणि महिनाभर चाळीसच्या वर नेऊ नका. लायसन्स राजने आपल्याकडे काय काय बिघडवलं याच्या याद्या खूप आहेत, पण लेथवाल्याच्या हातात इतकं कसब आणलं त्याचं थोडं श्रेय त्यालाच द्यावं लागेल.

कसब म्हणतोय ते उगाच नाही. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, पोर्ट. पिस्टन वरखाली होताना रिंगा या खिडक्यांवरून घासत जातात. बोअर मारला की खिडकीच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या तशाच ठेवल्या तर रिंग कडेला अडकते, तुटते, आणि दहा किलोमीटरच्या आत नवा पिस्टन भंगारात. म्हणून चांगला मिस्त्री बोअर मारून आलेला ब्लॉक हातात घेतला की आधी आत बोट फिरवायचा आणि बारीक कानस किंवा पॉलिश पेपरने प्रत्येक कडा मारायचा. डिझेलच्या लायनरला खिडक्या नाहीत, त्यामुळे तिथे हे काम नाही. लायनर बसवणारा आणि ब्लॉक बसवणारा हे म्हणून दोन वेगळे मिस्त्री.

चार बोअर संपले की काय? बाजारात तयार ब्लॉक-पिस्टन किट मिळायचं. ओरिजिनल महाग, दुसरं स्वस्त. स्वस्तात काही फारच छान निघायची आणि काही दोन महिन्यांत गळपटायची. युरोपात याच जातीच्या इंजिनांसाठी पोलिनी, मालोसी वगैरे इटालियन मंडळींनी वेगळाच खेळ मांडला. ५७ चा स्ट्रोक तोच ठेवून बोअर थेट ६३ करायचा, म्हणजे १७७ सीसी. त्यातही बीडाची स्वस्त किट आणि अॅल्युमिनियमची महाग किट असा वर्गभेद आहेच. त्यांचा प्रश्न वेग वाढवायचा, आपला प्रश्न गाडी सोमवारी ऑफिसला नेण्याचा. पार्ट मात्र एकच.

प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, लोक मोटरसायकलकडे वळले, आणि २००६ च्या सुमाराला सातार्‍यात गिअरच्या स्कूटर बनणं थांबलं. कंपनी डाय, जिग, फिक्श्चर बनवत राहिली. महामंडळाच्या २७ टक्के शेअरची किंमत काय यावरचा वाद लवादातून सुप्रीम कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये मिटला. स्कूटर संपल्यावर तेराएक वर्षं स्कूटर कंपनीचा खटला चालू होता!

आता चेनसॉ. पाटण, महाबळेश्वर, कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात झाड आडवं पडलं की रस्ता बंद, तारा तुटलेल्या, आणि पहिला फोन चेनसॉवाल्याला जातो. माझ्या मामाची पाटण तालुक्यात लाकडाची वखार आहे, आणि त्याची मोठी चेनसॉ गेल्या जूनमध्ये, म्हणजे नेमक्या हंगामात, सीझ झाली. मामाने आख्खं आयुष्य प्रिया आणि डिझेल इंजिनात घालवलेलं. त्याने सिलिंडर उतरवला, पिशवीत घातला आणि कर्‍हाडला ओळखीच्या लेथवाल्याकडे नेला. "ह्यो बोअर हुनार न्हाई," लेथवाला म्हणाला. मामाला वाटलं त्याला काम नको आहे.

लेथवाल्याचं बरोबर होतं. चेनसॉ हे यंत्र माणसाने हातात धरून चालवायचं. जर्मनीत १९२९ मध्ये आंद्रेआस श्टीलने पेट्रोलवरची करवत आणली तेव्हा ती चाळीस किलोच्या वर होती, दोन माणसांनी धरायची. वजन कमी करायचं तर बीडाची भिंत गेली पाहिजे. म्हणून आजच्या चेनसॉचा सिलिंडर अॅल्युमिनियमचा, आणि आत क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर. हा दुसरा थर, निकासिल, माले या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये आणला. थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढासुद्धा नसतो. अतिशय कठीण, उष्णता झटकन बाहेर टाकणारा, मिनिटाला बारा-तेरा हजार फेर्‍यांना पुरून उरणारा. पण त्यात बोअर मारला की थरच गेला, खाली मऊ अॅल्युमिनियम. पाव मिलिमीटर जास्त ठेवण्याची सोय या रचनेत नाही. त्यामुळे सीझ होताना पिस्टनचं अॅल्युमिनियम नुसतं भिंतीला चिकटलं असेल तर ते अॅसिडने जपून काढता येतं, पण थर सोलला गेला असेल तर सिलिंडर बदलायचा. आख्खा.

गंमत म्हणजे वरचं कव्हर काढलं की चेनसॉ आणि प्रिया सख्ख्या बहिणी दिसतात. दोघी टू-स्ट्रोक, दोघींच्या फ्लायव्हीलवर पंखा, तो पंखा कव्हरमधून सिलिंडरच्या फिन्सवर वारा मारतो, दोघींचं तेल पेट्रोलमध्येच. फरक फक्त त्या भिंतीचा.

मामाला ओरिजिनल सिलिंडर-पिस्टनचा जो भाव सांगितला गेला तो ऐकून त्याने फोन मला केला. 'ऑनलाइन बघ की काय मिळतंय.' बाहेरच्या बनावटीचं किट साधारण चौथाई किमतीत होतं. शिवाय मामाला मोठा बोअर दिसला आणि डोळे चमकले. हे किट सगळीकडे मिळतात. उदाहरणार्थ हस्कवार्नाच्या ३७२ या मॉडेलचा मूळ बोअर ५०, स्ट्रोक ३६, म्हणजे ७०.७ सीसी, ५२ चं किट बसवलं की ७६.५. आठ टक्के वाढ. पण सीसी वाढली म्हणजे ताकद वाढलीच असं नाही. टू-स्ट्रोकची ताकद पोर्टच्या उंचीत आणि आकारात असते, आणि स्वस्त किटची बचत नेमकी तिथेच केलेली असते. ओबडधोबड पोर्टचा ५२ हा नीट पोर्टच्या ५० पेक्षा मागे पडू शकतो. माझं मत साधं होतं: बजेट कमी असेल तर मूळ मापाचंच किट घ्या, आणि वाचलेले पैसे इतर ठिकाणी घाला.

इतर ठिकाणी म्हणजे कुठे? पिस्टनच्या पिनेच्या दोन्ही टोकांना तारेचे सर्किप असतात. स्वस्त किटमध्ये सगळ्यात आधी दगा देतात ते हे. ते आणि पिनेचं नीडल बेअरिंग चांगल्या कंपनीचं घ्यायचं, जमलं तर रिंगही. दुसरं, मूळ सिलिंडर का मेला ते शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही. क्रँकच्या सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या रबरी नळीतून हवा ओढली जात असेल तर मिश्रण पातळ होतं, तेल कमी पोचतं, आणि दुसरा सिलिंडरही त्याच वाटेने जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर का पडला ते न बघता रीस्टार्ट मारण्यासारखं. मामाच्या करवतीची ती रबरी नळी खरोखरच भेगाळलेली निघाली.

तिसरं, स्क्विश. पिस्टन वर असताना तो आणि सिलिंडरचं डोकं यांत किती फट राहते ते. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून, पुली हाताने फिरवून ती तार चेपायची आणि व्हर्निअरने मोजायची. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आली तर जाड गॅस्केट, एकच्या वर गेली तर ताकद वाया. आणि चौथं, पोर्टच्या कडा.

हे चौथं मी मामाला सांगायला लागलो तेव्हा तो हसला. किटचा खोका त्याने आधीच उघडला होता आणि आत बोट फिरवून झालं होतं. "एक्झॉस्टची कड ब्लेड हाय नुसती," तो म्हणाला. प्रियाच्या ब्लॉकवर शिकलेलं बोट, तेच इथे चाललं. वायरीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने, थर सोलू नये म्हणून आतून बाहेरच्या दिशेने, त्याने सगळ्या खिडक्यांच्या कडा मारल्या. त्यात एक आख्खी दुपार गेली. स्क्विश ०.७ निघाला. पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल घालून पहिल्या दोन टाक्या बारीक फांद्यांवर चालवल्या, मग कार्बोरेटरचा स्क्रू जरा ढिलाच ठेवून मोठं लाकूड.

तो मूळ, सोललेला सिलिंडर मामाने टाकलेला नाही. मुंबई-पुण्याकडे असे सिलिंडर परत प्लेटिंग करून देणारं कुणी आहे का, हे शोधायचं काम सध्या माझ्याकडे आहे.